शाळा ही बँकेची शाखा नव्हे

राहाता तालुक्यात गाव एका ठिकाणी राहत नाही. कागदोपत्री गाव म्हणजे गावठाण, मारुतीचे देऊळ, चावडी, सोसायटीचे कार्यालय आणि एसटीचा थांबा. पण माणसे पाहायला जावे तर ती शेतात सापडतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीचे आणि भंडारदऱ्याच्या धरणातून प्रवरेचे कालवे या मुलखात आले. पाण्यामागून ऊस आला, १९५० च्या सुमारास लोणीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पेरूच्या बागा झाल्या आणि बागायतदार गावठाण सोडून आपल्या पिकापाशी राहायला गेला. त्याच्यापाठोपाठ सालकरी गेला, शेतमजूर गेला. चार घरे, दोन गोठे, एक विहीर आणि मालकाचे आडनाव लावलेली वस्ती. अशा वस्त्यांचा मिळून इथला गाव होतो.

या वस्त्यांवरच्या मुलांपर्यंत शाळा पोचायला बरीच वर्षे लागली. सन २००० नंतर राज्य शासनाने वस्तीशाळांची योजना काढली. गावातलाच एखादा शिकलेला तरुण किंवा तरुणी, महिना हजार रुपये मानधन, आणि जागा म्हणाल तर कुणाची तरी पडवी नाहीतर देवळाचा ओटा. अशा सामग्रीवर राज्यभर हजारो शाळा उघडल्या. पुढे त्या नियमित झाल्या. दोन खोल्या, ध्वजाचा खांब, भिंतीवर रंगवलेला महाराष्ट्राचा नकाशा आणि दारात एखादे कडुनिंबाचे झाड असे त्यांचे आजचे रूप आहे. बाहेरून येणाऱ्याला यात विशेष काही दिसणार नाही. पण सहा वर्षांची मुलगी आईला दिसेल अशा अंतरावर शिकते आहे, ही या महाराष्ट्राने मोठ्या कष्टाने मिळवलेली गोष्ट आहे.

आता या शाळांच्या पटाची मोजणी चालू आहे. २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून मुलांचे जवळच्या शाळेत 'समायोजन' करण्याचा निर्णय झाला. २०२३ च्या सप्टेंबरात शिक्षण आयुक्तालयातून पत्र निघाले. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव पाठवा, असे त्यात सांगितले होते. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत यांचा दाखला त्यासाठी दिला होता. वीसपर्यंत पट असलेल्या शाळा राज्यात पावणेपंधरा हजारांच्या घरात, त्यांतली मुले सुमारे १ लाख ८५ हजार आणि शिक्षक साडेएकोणतीस हजारांहून अधिक, असे आकडे त्या वेळी पुढे आले. म्हणजे सरासरी एका शाळेत बारा-तेरा मुले आणि दोन शिक्षक.

आयुष्याची बरीच वर्षे मी बँकेत आकड्यांच्या सोबतीने काढली. त्यामुळे हा हिशेब मला भावनेच्या भरात झटकून टाकता येत नाही. एका शिक्षकाचा पगार महिना साठ हजार धरा. दोघांचे एक लाख वीस हजार झाले. बारा मुलांवर ते भागले तर दर मुलामागे महिना दहा हजार रुपये पडतात. एवढ्या पैशात तालुक्याच्या चांगल्या इंग्रजी शाळेत मूल घालता येईल आणि वर गणवेशही शिवता येईल. मंत्रालयात बसलेल्या एखाद्या सचिवाने हा आकडा पाहून कपाळाला आठ्या घातल्या, तर त्याला शिक्षणाचा शत्रू ठरवण्यात अर्थ नाही. पैसा जनतेचा आहे आणि त्याचा हिशेब विचारलाच पाहिजे.

पण हिशेब पुरा असला पाहिजे. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ज्या गावांनी बँकेची पायरी पाहिली नव्हती तिथे शाखा उघडल्या. १९९१ नंतर नरसिंहम समितीचे वारे आले आणि प्रत्येक शाखेचा नफा-तोटा स्वतंत्र पाहिला जाऊ लागला. खेड्यातल्या कितीतरी शाखा तोट्यात निघाल्या. त्यांतल्या काही विलीन झाल्या, काहींचे पंख छाटले गेले. ही पत्रके मी स्वतः भरली आहेत. त्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना फारशी ठाऊक नसते. खेड्यातली शाखा ठेवी गोळा करते. त्यांतल्या थोड्या गावात कर्जाऊ जातात, बाकीच्या मुख्य कार्यालयाकडे जातात आणि शहरातल्या उद्योगांना मिळतात. या पाठवलेल्या ठेवींवर शाखेच्या खाती किती टक्के व्याज जमा धरायचे, हे मुख्य कार्यालय ठरवते. तो दर टक्का-दीड टक्का वर-खाली झाला की तीच शाखा नफ्यातून तोट्यात जाते किंवा तोट्यातून नफ्यात येते. शाखेतली माणसे तीच, गिऱ्हाईक तेच आणि कामही तेच! बदलतो तो फक्त तिच्या कामाचा धरलेला मोबदला.

वस्तीवरच्या शाळेचे नेमके हेच झाले आहे. तिचा खर्च पैशापैशाने तिच्या नावावर पडतो. तिची कमाई मात्र तिच्या खात्यात कधीच जमा होत नाही. तिथे बाराखडी शिकलेली मुलगी पुढे लोणीच्या रुग्णालयात परिचारिका होते, मुलगा चाकणच्या कारखान्यात जातो, एखादा पोलीस होतो, एखादी वाचता येते म्हणून सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर न समजता अंगठा देत नाही. ही ठेव दर वर्षी शहराकडे, कारखान्याकडे, सरकारी नोकरीकडे रवाना होते आणि तिच्यावर शाळेला एका दमडीचे व्याज धरले जात नाही. मग वर्षाअखेर पत्रक निघते की शाखा तोट्यात आहे.

दुसरे असे, की शाळा बंद केल्याने खर्च नाहीसा होत नाही. त्याचे फक्त खाते बदलते. शिक्षक कायम नोकरीतले असतात. ते दुसऱ्या शाळेत जातात आणि त्यांचा पगार चालूच राहतो. वाचवायचाच असेल तर पुढे शिक्षकांची पदेच कमी करावी लागतात. २०२४ च्या सप्टेंबरात अगदी लहान शाळांतल्या दोनपैकी एका जागी महिना १५ हजार रुपये मानधनावर कंत्राटी शिक्षक नेमण्याचे निर्णय निघाले, त्याविरुद्ध शिक्षकांचे मोर्चे निघाले, तेव्हा वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते कळून आले होते. उरला मुलाच्या जाण्या-येण्याचा खर्च. तो सरकारच्या वहीतून निघून आईबापांच्या वहीत जातो. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे तो पेट्रोल घालतो. ज्याच्याकडे नाही तो आपली मजुरी बुडवतो, नाहीतर मुलाची शाळा बुडवतो.

अंतर म्हणजे नकाशावरची रेघ नव्हे, हे इथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. वस्तीपासून गावातली शाळा दोन किलोमीटर असेल, पण ती वाट उसातून जाते. दिवाळीनंतर ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो आणि त्यात बिबट्याचे बस्तान असते. संगमनेर, राहुरी, राहाता या भागांत ही गोष्ट आता कुणाला नवलाची राहिलेली नाही. संध्याकाळी लहान पोर एकटे बाहेर सोडायला कोणतीही आई तयार होत नाही. डांबरी रस्ता गाठावा तर गळीत हंगामात दोन-दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात आणि नगर-मनमाड रस्त्यावर शिर्डीला निघालेल्या गाड्यांची रीघ असते. एका वस्तीवर शाळा गावात नेण्याची गोष्ट निघाली, तेव्हा तिथली एक बाई मला म्हणाली, "पोराला त्याचा बाप गाडीवर सोडील हो साहेब, पोरीचं कोण पाहणार?" समूह शाळेच्या सगळ्या प्रस्तावांत मिळून एवढा नेमका प्रश्न मला कुठे आढळला नाही. शाळा लांब गेली की सगळी मुले सारखी लांब जात नाहीत. आधी मुलगी घरी राहते, मग मजुराचे मूल, मग उसतोडीला आलेल्या टोळीचे मूल. बागायतदाराचा नातू तर आधीच पिवळ्या गाडीत बसून तालुक्याला गेलेला असतो.

पट कमी का झाला, हा प्रश्न मग उरतो. त्याची काही कारणे सरळ आहेत आणि ती मान्य केली पाहिजेत. घरटी पाच-सहा मुले असण्याचे दिवस गेले. तरुण जोडपी पुण्याला, नाशिकला गेली. याबद्दल कुणाला दोष देता येत नाही. आईबाप इंग्रजी शाळेच्या मागे लागले, यावरही नाक मुरडण्यात अर्थ नाही. कर्जाचे अर्ज तपासताना शेतकऱ्याच्या घरखर्चात मी पूर्वी बियाणे, औषधपाणी, लग्नकार्य अशा रकमा पाहत असे. पुढे 'मुलांची फी' ही रक्कम आली आणि बघता बघता ती इतर रकमांच्या वर जाऊन बसली. दुधाच्या पगारातून फी भरणारा बाप काही हौसेने ती भरत नाही. मुलाने आपल्यासारखे उन्हात राबू नये, एवढेच त्याला कळते. त्याला हसणाऱ्या आपल्यासारख्यांची मुले कुठे शिकली, हे ज्याचे त्याने आठवावे.

पण काही कारणे मुद्दाम घडवलेली आहेत. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना दार उघडले, आणि जवळच्या सरकारी शाळेच्या पटाचे काय होईल याचा विचार न करता परवानग्या वाटल्या गेल्या. इकडे सरकारी शाळेतल्या शिक्षकाला निवडणूक, मतदारयाद्या, जनगणना, पोषण आहाराचा हिशेब आणि रोज नव्या माहितीची ऑनलाइन पत्रके यांत गुंतवले. दोन शिक्षकांतला एक कागदाला लागला की चार वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. इमारतींची कथा तर आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. २८ ऑगस्ट २०१७ रोजी नगरजवळच्या निंबोडी गावात जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत पावसात कोसळले आणि तीन मुले गेली. ती बातमी वाचून ज्या बापाने आपले मूल काढून दुसरीकडे घातले असेल, त्याला 'मराठी शाळा वाचवा' असे कुठल्या तोंडाने सांगायचे? गिऱ्हाईक आपणच परतवून लावायचे आणि मग गिऱ्हाईक येत नाही म्हणून दुकानाला कुलूप घालायचे, अशातली ही गत आहे.

यातली विसंगती तर अशी की हसावे की रडावे कळेना. सप्टेंबर २०२३ मध्ये शासन म्हणाले की वस्तीजवळची लहान शाळा परवडत नाही. पाच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्याच शासनाने शिक्षणहक्काच्या नियमांत बदल केला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला गरीब मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवण्याचे बंधन नाही, असा तो बदल होता. म्हणजे खाजगी शाळेला सूट देताना जवळची सरकारी शाळा पुरेशी आणि चांगली, आणि खर्चाचा विषय निघाला की तीच शाळा नकोशी! उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला हे बरे झाले. पण शासनाच्या मनातली सरकारी शाळेची किंमत तेवढ्यात कळून चुकली.

प्राथमिक शाळा ही इथे कुणी खैरात म्हणून दिलेली नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी निवेदन दिले. शेतकऱ्याच्या घामातून आलेला सारा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, ही त्यांची तक्रार होती. त्यांच्या शैक्षणिक कार्याची प्रेरणा याच नगरमधल्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळेशी जोडलेली आहे, हे आपण नगरकरांनी विसरू नये. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी ते पडले. त्याच्या विरोधात जी कारणे दिली गेली, त्यांत पैसा नाही हे एक होतेच. १९१७ साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात ते करून दाखवले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या आणि गावची शाळा गावाने निवडलेल्या माणसांच्या हाती आली. २००९ च्या कायद्याने तर ती मुलाचा हक्क झाली. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर नियमात आले. प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक असावेत, असेही कायद्याने ठरले. म्हणजे मुलाने शाळेकडे जायचे नसून शाळेने मुलाकडे जायचे, इथवर यायला आपल्याला सव्वाशे वर्षे लागली.

समूह शाळेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मात्र मी ऐकून घेतले आहे आणि त्यात तथ्य आहे. इयत्ता तिसरीत एकच मुलगी असेल तर ती कुणाशी स्पर्धा करणार, कुणाशी भांडणार, कुणाची वही पाहणार? पाच मुलांत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. ग्रंथालय, प्रयोगाचे साहित्य, चित्रकलेचे शिक्षक या गोष्टी प्रत्येक वस्तीवर पोचणार नाहीत. हे खरेच आहे. पण यावरचा उपाय १९६६ साली कोठारी आयोगाने सुचवून ठेवला आहे. आसपासच्या शाळांचा संकुल करावा, त्यांनी साधने वाटून घ्यावीत, एकमेकींना आधार द्यावा, असा तो उपाय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शाळा-संकुलाची कल्पना आहे. तिचा गाभा शाळा जोडण्याचा आहे. ती तोडण्याची कल्पना आपल्याकडे मधल्या टेबलांवर तयार झाली.

आणि तोरणमाळ नाही, पानशेत नाही, हा राहाता आहे. सातपुड्याच्या माथ्यावर किंवा धरणाकाठी जे जमले ते उसाच्या रानात विखुरलेल्या वस्त्यांना तसेच लागू पडेल, असे गृहीत धरता येत नाही. ते कोण पाहणार? इथे मला सर्वांत खटकणारी गोष्ट येते. आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. दीड वर्षाने समूह शाळांचे पत्र निघाले, तेव्हा जिल्हा परिषदेत लोकांनी निवडलेला एकही सदस्य नव्हता. शाळा ज्यांची, त्यांच्या वतीने 'नाही' म्हणणारे कुणीच त्या टेबलाभोवती नव्हते. शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात पाऊण सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. या समित्यांच्या सह्या पोषण आहाराच्या बिलांवर घेतल्या जातात. शाळा राहावी की जावी, हे त्यांना विचारण्याची पद्धत अजून पडलेली नाही.

तेव्हा माझे मागणे फार मोठे नाही. पहिली ते चौथीची शाळा वस्तीवरून हलवू नये. पाचवीपासून पुढची मुले मोठ्या शाळेत न्यायची असतील तर जरूर न्यावीत, पण आधी गाडी सुरू करावी. ती एक वर्ष पावसाळ्यासकट नियमित चालून दाखवावी आणि मग जुन्या वर्गाला कुलूप लावण्याची गोष्ट काढावी. आपल्याकडे उलटे होते. कुलूप आज लागते आणि गाडीचा प्रस्ताव 'विचाराधीन' राहतो. लहान शाळांची मुले आठवड्यातून एक दिवस केंद्रशाळेत एकत्र आणावीत. त्या दिवशी खेळ, गाणी, पुस्तके, प्रयोग व्हावेत. केंद्रशाळा आहेत, केंद्रप्रमुख आहेत. फक्त त्यांना पत्रके गोळा करण्याच्या कामातून थोडे मोकळे करावे लागेल. शाळा बंद करण्याचा प्रस्ताव व्यवस्थापन समिती आणि ग्रामसभा यांच्या ठरावाशिवाय पुढे जाऊ नये, आणि त्या ग्रामसभेत आयांची हजेरी मोजली जावी. शाळा बंद झाल्यावर त्यातले प्रत्येक मूल पुढे तीन वर्षे कुठे आहे, याची नोंद गावच्या फळ्यावर लिहिली जावी. 'समायोजन' हा शब्द छान आहे. पण कर्ज 'समायोजित' केले म्हणजे वसूल झाले असे होत नाही, हे आम्हा बँकवाल्यांना पक्के ठाऊक आहे.

गावाकडेही थोडे मागणे आहे. देवळाच्या जीर्णोद्धाराला वस्तीवस्तीतून वर्गणी निघते, सप्त्याला पंगती उठतात. शाळेच्या पत्र्याला मात्र आपण जिल्हा परिषदेची वाट पाहतो. ज्याची मुले तालुक्याला जातात त्यानेही आपल्या वस्तीच्या शाळेच्या समितीकडे लक्ष ठेवले पाहिजे, कारण तिथे शिकणारी मुले त्याच्याच शेतात राबणाऱ्यांची आहेत.

बँकेत एक जुना नियम होता. विहिरीसाठी कर्ज द्यायचे तर अधिकाऱ्याने स्वतः शेतावर जाऊन जागा पाहायची आणि पाहणीचा अहवाल फाइलला लावायचा. पाहणीशिवाय सही नाही. लाखभर रुपयांच्या विहिरीसाठी जर हे पथ्य होते, तर बारा मुलांच्या शाळेसाठी ते असायला काय हरकत आहे? ज्या अधिकाऱ्याला शाळा बंद करण्याच्या कागदावर सही करायची असेल त्याने डिसेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी, शाळा सुटण्याच्या वेळी, समूह शाळेपासून वस्तीपर्यंत पायी चालत जावे. गाडी रस्त्यावर सोडावी, बरोबर शिपाई घेऊ नये. उसातून वस्तीचा दिवा दिसेपर्यंत किती वेळ लागला, तेवढे मात्र त्याने फाइलवर लिहून ठेवावे आणि मग खुशाल सही करावी.